स्टॅटिनची गोळी आणि तिचें पथ्य

रक्त तपासून आलेल्या कागदावर कोलेस्टेरॉलचा आंकडा बराच खालीं आलेला दिसला, कीं पुष्कळ गृहस्थांच्या मनांत एकच प्रश्न उभा राहतो : आतां गोळी कशाला? ज्वर उतरल्यावर काढा कोणी घेत नाहीं. त्याच न्यायानें गोळी बंद होते, डॉक्टरांना त्याची वार्ताहि नसते, आणि कांहीं आठवड्यांतच आंकडा पुनः मूळ पदावर येतो. तो चढतांना कांहीं दुखत नाहीं, खुपत नाहीं. त्यामुळें झालेली चूक उमजतहि नाहीं. स्टॅटिन वर्गांतील औषधें कार्य कसें करतात हें एकदां समजलें, म्हणजे ही चूक टाळणें अवघड नाहीं.

कोलेस्टेरॉल हें मूलतः विष नव्हे. पेशींचीं आवरणें, पित्त आणि कित्येक अंतःस्राव यांच्या घडणीसाठीं शरीराला तें हवेंच असतें, व त्याचा बराच मोठा भाग शरीर स्वतःच तयार करतें. तें पाण्यांत विरघळत नसल्यामुळें प्रथिनांशीं संयुक्त होऊन रक्तांतून प्रवास करतें. या वाहक कणांपैकीं एलडीएल नांवाचे कण रक्तांत फार झाले, म्हणजे ते रोहिणींच्या भिंतींत शिरून वर्षानुवर्षें सांचत राहतात. असा एखादा थर अचानक फुटला, तर त्यावर रक्ताची गुठळी धरते. ती हृदयाच्या रोहिणींत धरली तर हृदयविकाराचा झटका येतो, मेंदूच्या रोहिणींत धरली तर पक्षाघात होतो.

या संचयावरील उपाय सांपडला तो बुरशींत. जपानमधील शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनीं असा तर्क केला कीं, शत्रुजंतूंना कोलेस्टेरॉलसारखीं द्रव्यें तयार करूं न देणारें एखादें रसायन कांहीं बुरशी निर्माण करीत असाव्यात. सुमारें ६,००० नमुने तपासल्यावर १९७३ सालीं त्यांना असें रसायन क्योटो येथील तांदळावरून घेतलेल्या एका बुरशींत मिळालें. पुढें १९८७ सालीं लोव्हास्टॅटिन हें या वर्गांतील पहिलें औषध अमेरिकेंत विक्रीस आलें. १९९४ सालीं स्कँडिनेव्हियांतील एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांत ४,४४४ हृद्रोगी होते. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन व निम्म्यांना औषधरहित गोळी देऊन त्यांच्यावर पांच वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवण्यांत आलें. औषधरहित गोळी घेणाऱ्यांपैकीं २५६ दगावले, तर सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकीं १८२.

हें घडतें कसें? कोलेस्टेरॉल तयार करण्याच्या कामीं यकृताला एक विशिष्ट विकर लागतें. स्टॅटिन नेमकें त्यालाच अडवितें. घरचें उत्पादन घटलें, कीं यकृत आपली गरज रक्तांतून भागवूं लागतें, आणि त्यासाठीं एलडीएल कण ओढून घेणारे ग्राहक पेशींच्या पृष्ठभागावर अधिक संख्येनें उभे करतें. या ग्राहकांचा शोध लावणारे ब्राऊन व गोल्डस्टीन यांना १९८५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. गोळी थांबली, कीं यकृत आपल्या जुन्या वळणावर जातें. तेव्हां सुधारलेला अहवाल हा रोग हटल्याचा दाखला नसून औषध काम करीत असल्याचा दाखला आहे.

औषध घेण्याच्या रीतींत मोठें अवघड असें कांहीं नाहीं. सिम्व्हास्टॅटिनचा प्रभाव फार वेळ टिकत नाहीं व यकृताचें हें उत्पादन रात्रीं अधिक चालतें, म्हणून ती गोळी रात्रीं घेतात; ॲटोर्व्हास्टॅटिन व रोसुव्हास्टॅटिन दिवसांतून केव्हांहि चालतात, मात्र वेळ ठरलेली असावी. एक दिवस विसर पडला, तर दुसऱ्या दिवशीं दोन गोळ्या घेऊं नयेत. मात्रा दुप्पट केल्यानें गुण दुप्पट येत नाहीं. एलडीएल आणखी सुमारें ६ टक्केच उतरतें, आणि अपायाचा संभव मात्र वाढतो. आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तांत रोसुव्हास्टॅटिनचें प्रमाण अधिक चढतें. म्हणून त्यांना प्रारंभीं ५ मिलिग्रॅम देण्याची शिफारस आहे. औषध सुरू केल्यापासून ४ ते १२ आठवड्यांनीं रक्त पुनः तपासून पुढील मात्रा ठरवितात.

सर्वांत अधिक भीति असते ती स्नायूंच्या दुखण्याची. ती निराधार नाहीं, पण अतिरंजित आहे. दुष्परिणामांमुळें स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांवर इंग्लंडांत केलेला एक प्रयोग २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांना आळीपाळीनें कांहीं महिने स्टॅटिन, कांहीं महिने औषधरहित गोळी व कांहीं महिने कांहींच न देतां त्रासाची नोंद ठेवली. स्टॅटिन घेतांना होणाऱ्या त्रासाचा सुमारें ९० टक्के भाग औषधरहित गोळीनेंहि झाला. तो त्रास खोटा नव्हता. त्याचें कारण मात्र बहुतांशीं गोळीविषयींची धास्ती हें होतें. तथापि दोन्ही मांड्यांत किंवा खांद्यांत नवें दुखणें अगर अशक्तपणा जाणवूं लागल्यास डॉक्टरांना सांगावें. स्नायूंतील विकराची रक्ततपासणी करून त्याचा निर्णय होतो. तीव्र वेदनांबरोबर लघवी चहासारखी काळपट झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. स्नायु विरघळून मूत्रपिंडें निकामी होण्याचा हा प्रकार अत्यंत विरळा आहे, पण तो घातक ठरूं शकतो. याच कारणास्तव सेरिव्हास्टॅटिन हें औषध २००१ सालीं बाजारांतून काढून घेण्यांत आलें; त्याच्यासह जेम्फिब्रोझिल घेणाऱ्यांना हा धोका विशेष होता.

यावरून दुसरें पथ्य निघतें तें संयोगाचें. क्लॅरिथ्रोमायसिनसारखीं कांहीं जंतुनाशकें व इट्राकोनॅझोलसारखीं बुरशीनाशकें सिम्व्हास्टॅटिन किंवा ॲटोर्व्हास्टॅटिनचा निचरा अडवितात. खोकल्यासाठीं किंवा गजकर्णासाठीं दुसऱ्या वैद्याकडे जातांना आपण कोणती गोळी घेतों हें सांगणें म्हणूनच अगत्याचें. ग्रेपफ्रूट हें फळहि असाच अडथळा करतें; आपल्याकडील पपनस त्याचें निकटचें आप्त असल्यानें त्याविषयींहि विचारून घ्यावें. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल यीस्टच्या तांदळांत लोव्हास्टॅटिनच असूं शकतें. तो गोळीबरोबर घेणें म्हणजे नकळत मात्रा वाढविणें होय.

यकृताची तपासणी औषध सुरू करण्यापूर्वीं करतात, व पुढें लक्षणांप्रमाणें. कांहींजणांची रक्तशर्करा किंचित् वाढते, पण ज्यांना गोळीची खरी गरज आहे त्यांच्या बाबतींत लाभाचें पारडें जड राहतें. गर्भवती स्त्रियांना हें औषध सहसा देत नाहींत. अपत्याची इच्छा असल्यास अगोदरच सल्ला घ्यावा.

तूप-तळणाचा संयम, नित्य चालणें व तंबाखूचा त्याग यांची जागा गोळी घेऊं शकत नाहीं. आणि ज्याला एकदां झटका येऊन गेला आहे त्याच्या गोळीची जागा संयमहि घेऊं शकत नाहीं. सर्व औषधांची एक चिठ्ठी खिशांत असावी आणि गोळी नको वाटली, तर ती बंद करण्यापूर्वीं तसें डॉक्टरांना सांगावें. मात्रा कमी करणें, औषध बदलणें, दिवसाआड देणें असे मार्ग त्यांच्याकडे असतात. परस्पर गोळी थांबविणाऱ्याला मात्र त्यांतील एकहि मार्ग मिळत नाहीं.