मांगलीची कवटी आणि कन्हानची शाळा

कन्हानच्या पात्रापलीकडे कामठी आहे. भूवैज्ञानिकांनी त्या गावाचे नाव ज्या वालुकाश्मांना दिले, त्यांच्या खालच्या थरांतून या मुलखातला कोळसा निघतो; आणि ज्या मुलांचे वडील खाणीच्या पाळीवर जातात, त्यांना आपल्या पायांखालच्या प्राचीन सृष्टीचा परिचय पाठ्यपुस्तकातील पुसट चित्राखेरीज अन्य मार्गाने व्हावा, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

या वालुकाश्मांच्याच गोंडवन कुळातील खडकांतून, नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे, एका उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. १८४५ साली नागपुरास आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी जमविलेले जीवाश्म विलायतेस रवाना झाले, आणि रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली या कवटीचे वर्णन प्रसिद्ध करून तिला ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’, म्हणजे आखूड मुखाचा व रुंद डोक्याचा, असे नाव दिले. हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या नाल्यात बुडून वारले. कवटी मात्र आजही लंडनच्या संग्रहालयात सुरक्षित आहे. ज्या मातीने तिला सुमारे पंचवीस कोटी वर्षे सांभाळले, त्या मातीवरील मुलाला ती पाहण्यासाठी समुद्र ओलांडावा लागावा, याचे मला मनापासून दुःख होते.

तिची प्रतिकृती मात्र कन्हानच्या शाळेत येऊ शकते, आणि प्रतिकृतीस नक्कल म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. पेकिंगजवळच्या गुहेतील आदिमानवाची पहिली कवटी १९२९ साली सापडली; १९४१ च्या युद्धाच्या धामधुमीत तिथल्या अस्थी कायमच्या नाहीशा झाल्या; आणि शास्त्रज्ञ वायडेनराइख यांनी त्यापूर्वी करवून घेतलेले साचे व ठसे शिल्लक राहिले नसते, तर त्या मानवाच्या भुवईचा उंचवटा बोटाने चाचपून पाहणे पुढच्या अभ्यासकांना अशक्य झाले असते.

अशी प्रतिकृती घडविण्याची रीत आपल्याकडे अपरिचित नाही. जिप्सम सुमारे दीडशे अंशांपर्यंत तापविले म्हणजे त्यातील पाण्याचा तीन चतुर्थांश अंश निघून जातो व प्लास्टर उरते. त्यात पुन्हा पाणी कालविले की ते ऊन होत घट्ट होते आणि घट्ट होताना किंचित फुगते, म्हणूनच साच्यातील केसासारखी रेघदेखील ते उचलते. नागपुरातील चितार ओळीत मूर्ती घडविणाऱ्या कारागिरांना साचा कोठे दुभागावा, कोठे तेलाचा हात फिरवावा, हे सांगावे लागत नाही. डोळ्यांच्या खोबणी व गालाच्या कमानी यांसारख्या आत वळलेल्या जागांतून कठीण साचा सुटत नाही. तेथे रबरी साचा लागतो, आणि तो काही वर्षांनी आकसत असल्यामुळे मूळ ठसा जपून ठेवावा लागतो.

मानवी कवटीची गोष्ट अधिक नाजूक आहे. पूर्वी अभ्यासासाठी खरे सांगाडे मिळत, आणि कलकत्त्याहून ते परदेशीही जात. १९८५ साली सरकारने ही निर्यात बंद केली. मृत देहाचा मान राखून शिकविण्यास प्लास्टिकचे प्रतिरूप उत्तम साधन आहे, मात्र ते खऱ्या अस्थीवरून घेतलेले असावे. ज्यात दातांची एकच पट्टी ओतलेली आणि हाडांचे सांधे रंगाने काढलेले असतात, त्यावर पैसा खर्चण्याची तजवीज कोणत्याही शाळेने करू नये. चांगली प्रतिकृती उलटी धरली की मेरुरज्जूचे मोठे छिद्र तळाच्या मध्याजवळ दिसते. शेजारी कुत्र्याची कवटी ठेवली तर तेच छिद्र मागे सरकलेले आढळते. दोन पायांवर ताठ चालण्याचा अर्थ दहा वर्षांच्या मुलाला तेथेच उमगतो, आणि गुरुजींना फार बोलावे लागत नाही.

नर्मदेच्या काठी हथनोरा येथे ५ डिसेंबर १९८२ रोजी अरुण सोनकिया यांना सापडलेल्या आदिमानवाच्या कवटीच्या भागाची प्रतिकृतीही शाळेच्या फळीवर असावी. प्रत्येक नमुन्याखाली चिठ्ठी हवी: मूळ वस्तू कोठे आहे, आकार मूळचा की लहान केलेला, आणि कोणता भाग अनुमानाने भरला आहे. अनुमानाचा भाग वेगळ्या रंगात ठेवण्याची संग्रहालयांची प्रथा शाळेनेही पाळावी. मांगलीच्या कवटीची चिठ्ठी लिहिताना पहिल्या ओळीत ओवेन यांनी दिलेले लॅटिन नाव न घालता, मोठ्या अक्षरांत ‘मांगली’ लिहावे.