हिशेब जुळला नाही, तर चूक कुणाची?

बाबा बडोद्यात बँकेत रोखपाल होते. संध्याकाळी रोख जुळली नाही की घरी यायला उशीर व्हायचा, आणि कधी कमी पडलेले पैसे खिशातून भरावे लागायचे. चूक रोखपालाचीच, हे ठरलेलं. म्हणून ब्रिटनच्या पोस्टाची हकीकत सांगितली, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले.

तिथल्या पोस्टाच्या शाखांमध्ये १९९९ पासून फुजित्सूची ‘होरायझन’ ही संगणक प्रणाली आली. पडद्यावर तूट दिसायची, प्रत्यक्षात पैसे कुठेच गेलेले नसायचे. तरीही २०१५ पर्यंत ९०० हून अधिक शाखाचालक चोरी, खोटा हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींचं दिवाळं निघालं.

वेल्समधल्या एका छोट्या शाखेचे चालक ॲलन बेट्स यांनी ही तूट मान्य केली नाही. २००३ मध्ये त्यांचा करार संपवला गेला. २००९ मध्ये त्यांनी पीडितांची संघटना उभी केली आणि पुढे ५५५ जण कोर्टात गेले. पोस्टाचं म्हणणं होतं, शाखाचालकाला नकळत त्याच्या हिशेबात बाहेरून कुणी बदल करूच शकत नाही. ते खोडून काढायला आतला माणूस हवा होता.

तो माणूस म्हणजे फुजित्सूचे माजी अभियंता रिचर्ड रोल. असे बदल करता येत होते आणि केलेही जात होते, हे त्यांनी २०१५ मध्ये बीबीसीला आणि २०१९ मध्ये कोर्टात सांगितलं. डिसेंबर २०१९ च्या निकालाने ते मान्य केलं. २०२४ मध्ये खास कायदा करून शेकडो शिक्षा रद्द झाल्या. पण रोल यांनी ती नोकरी २००४ मध्येच सोडली होती!

हे वाचताना मला माझीच एक रात्र आठवली. एका प्रकल्पात आम्ही ग्राहकांच्या नोंदी थेट दुरुस्त केल्या होत्या. “ग्राहकांना कळवायचं का?” असं मी विचारलं. “गरज नाही,” असं उत्तर आलं, आणि मी लॅपटॉप मिटला. नुकसान झालं नसावं, पण खात्री करून घेण्याचे कष्टही मी घेतले नाहीत.

आम्ही आयटीवाले बाहेरच्या टीकाकारांना चटकन म्हणतो, “यांना त्यातलं काय कळतं?” बेट्सना होरायझनची आतली रचना दिसत नव्हती. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तो प्रश्न विचारतो, आणि उत्तर कुठल्या फाइलीत आहे ते आपल्याला ठाऊक असतं. एकट्या बेट्सना पुरावा मिळाला नसता, आणि एकट्या रोलना कुणी विचारलंच नसतं.

आपल्या मंडळातली कितीतरी मुलंमुली आज या क्षेत्रात आहेत. सगळ्यांनाच नोकरी पणाला लावता येणार नाही. माझ्याही घराचे हप्ते चालू आहेत. पण शंका तोंडी न ठेवता लेखी मांडता येते. आता थेट दुरुस्ती केली, तर कुणी, केव्हा आणि का केली, याची नोंद राहिलीच पाहिजे, असा मी आग्रह धरतो.

बाबा शेवटी एवढंच म्हणाले, “आमच्या वहीत खाडाखोड केली, तर शेजारी सही लागायची.”