हवा घरधन्याची, वायू कारागिराचा
घरातील यंत्रे : लेखांक सातवा

गेल्या लेखांकात पाण्याच्या टाकीचा आणि पंपाचा विचार झाला. आज घरात उष्णता आणणाऱ्या आणि घरातील उष्णता बाहेर नेणाऱ्या दोन यंत्रांकडे, म्हणजे गॅसच्या गीझरकडे आणि वातानुकूलकाकडे, वळावयाचे आहे. शिकागो अथवा टोरांटो येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या तळघरात वायूवर चालणारी भट्टी असते, आणि हिवाळाभर तीच साऱ्या घरास ऊब पुरविते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा कधी दहा अंशांखाली उतरला तरी दुपारी पुन्हा ऊन पडते, त्यामुळे निगडी-आकुर्डीपासून मोशी-चाकणपर्यंतच्या घरांत वायूने तापते ते केवळ पाणी, आणि विजेने निवते ती हवा.

पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात येऊन भोसरी-चिंचवडच्या माळरानावर कारखान्यांच्या रांगा लागल्या, आणि पुढे कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणच्या शिवारातून मोटारी बाहेर पडू लागल्या. तेव्हापासून या पट्ट्यातील असंख्य कुटुंबांत पाळीवर जाणारे, यंत्राची चेकशीट भरून सही करणारे आणि ‘प्रिव्हेन्टिव्ह मेंटेनन्स’ हा शब्द जिभेवर असणारे माणूस आहे. परंतु तोच गृहस्थ घरी आला की यंत्र बंद पडेपर्यंत त्याच्याकडे पाहत नाही, आणि बंद पडल्यावर मात्र स्वतःच पाना घेऊन पुढे सरसावतो. या दोन्ही चुकांवर उपाय म्हणून एकच विभागणी ध्यानात ठेवावी : हवेचा मार्ग मोकळा राखणे हा घरधन्याचा अखत्यार; वायूची नळी, बर्नरचे जेट अथवा वातानुकूलकातील तांब्याचे बंद चक्र यांना हात लावणे हा प्रशिक्षित कारागिराचा. या अखत्यारांची अदलाबदल झाली की कधी पैसा जातो आणि कधी प्राण.

प्रथम गीझर पाहू. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवावयाचे तर पाण्यास साडेदहा किलोवॉट उष्णता द्यावी लागते, आणि वाया जाणारी उष्णता धरता बर्नरचे बळ सुमारे बारा किलोवॉट होते. एवढ्या ज्वलनास तासाला जवळजवळ सव्वा घनमीटर नैसर्गिक वायू लागतो. आणि एका घनमीटर वायूच्या पूर्ण ज्वलनास दहा घनमीटर हवा लागत असल्याने हे यंत्र तासाला बारा घनमीटर हवा ओढून घेते. आपल्या सदनिकांतील सव्वा मीटर रुंद, दोन मीटर लांब आणि अडीच मीटर उंच न्हाणीघरात एकूण हवाच असते सव्वासहा घनमीटर. म्हणजे दार-खिडकी लावून अर्धा तास गीझर चालविला, तर त्या खोलीतील सगळ्या हवेइतकी हवा ज्वलनास लागते. आणि ती संपण्याच्या पुष्कळ आधीच प्राणवायू उणा पडून ज्योत अर्धवट जळू लागते.

या अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्यास ना वास, ना रंग. आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट दृढतेने संयोग पावत असल्यामुळे, स्नान करणाऱ्यास डोके जड होणे, मळमळणे, पाय गळून जाणे अशी चिन्हे जाणवतात तोवर कडी काढण्याचे बळही पुष्कळदा उरलेले नसते. थंडीच्या दिवसांत अशा मृत्यूंच्या वार्ता येतात त्या याच कारणाने. म्हणून गीझर शक्य तर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या ड्राय बाल्कनीत बसवावा. आतच असेल तर झडपांच्या खिडकीवर थंडी लागते या सबबीखाली कागद अथवा प्लॅस्टिक कदापि लावू नये, बादल्या भरून घ्याव्यात, गीझर बंद करावा आणि मगच स्नानास बसावे. ज्योत निळी व स्थिर असली तर ज्वलन बहुतांशी ठीक आहे असे समजावे. ती पिवळी, लांबट वा काजळी धरणारी दिसली तर यंत्र त्याच क्षणी बंद करून कारागिरास बोलवावे. कोणी आत मूर्च्छित झाल्यास दार उघडून त्यास प्रथम मोकळ्या हवेत आणावे, वायूचा कॉक बंद करावा आणि विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

वायू दोन प्रकारचा असतो याचेही भान हवे. महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड या २००६ साली स्थापन झालेल्या कंपनीच्या नळांतून येतो तो मुख्यतः मिथेन. तो हवेहून हलका असल्याने गळला तर छताकडे चढतो. सिलिंडरमधील प्रोपेन-ब्यूटेन हवेहून जड. तो फरशीवर साचतो. पहिल्यासाठी वरचा झरोका मोकळा हवा, दुसऱ्यासाठी खालचा. वास आल्यास विजेचे कोणतेही बटण लावू नये, तसेच लागलेले बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळी पडते. दोहोंचा दाब आणि उष्मांक भिन्न असल्यामुळे बर्नरचे जेटही भिन्न असते. सिलिंडरच्या घरातून नळाच्या घरात, अथवा उलट, बिऱ्हाड हलविणाऱ्याने जेट बदलून घेतल्यावाचून गीझर वा शेगडी जोडू नये. नळीवरील मुदत वाचावी आणि ती संपताच नळी कारागिराकडून बदलून घ्यावी. टँकरचे वा बोअरचे जड पाणी येते तेथे गीझरच्या नळ्यांत क्षारांचा थर बसून पाण्याची धार बारीक होते. तो काढणे हे कारागिराचे काम.

आता वातानुकूलक. विलिस कॅरियरने १९०२ साली ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी पहिली आधुनिक यंत्रणा योजिली, ती माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हे, तर हवेतील दमटपणाने कागद आकुंचन-प्रसरण पावून रंगीत छपाई बिघडू नये म्हणून. आजही मोटारीच्या कारखान्यातील रंगकामाच्या दालनास हवेचे तापमान व आर्द्रता राखावी लागते ती रंगासाठीच. आपण ज्यास एक टन क्षमता म्हणतो ती म्हणजे एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट. ही उष्णता आतील कॉइल शोषते आणि बाहेरील कॉइल सोडून देते. दोहोंवरून हवा वाहिली नाही तर मधल्या कॉम्प्रेसरचे श्रम फुकट जातात.

आणि हवा वाहण्यास या पट्ट्यात सर्वांत मोठा अडथळा धुळीचा. मोशीपासून चाकणपर्यंत नाशिक रस्त्यावर अहोरात्र चालणारी अवजड वाहने, भोसरीच्या फाउंड्या आणि चोहोबाजूंचे बांधकाम यांची धूळ कॉइलच्या दाट पात्यांत बसते आणि पावसाळी दमटपणाने तेथेच घट्ट होते. म्हणून आतील युनिटची जाळी उन्हाळ्यात पंधरवड्यास एकदा साध्या पाण्याने धुवावी आणि सावलीत वाळवावी. बाहेरील युनिटभोवती जुन्या सायकली वा खोकी रचून त्याची कोंडी करू नये. आतून पाणी ठिबकू लागले तर बहुधा निचऱ्याची नळी तुंबलेली असते, यंत्र बिघडलेले नसते.

जाळी तुंबून हवा कमी झाली की कॉइलवर बर्फ धरतो, खोली थंड होत नाही, आणि मग ‘गॅस संपला, चार्जिंग करावे लागेल’ असा निकाल दिला जातो. वस्तुतः हा वायू इंधनाप्रमाणे जळून संपत नाही. बंद चक्रात तोच तो फिरत राहतो, आणि उणा झाला असेल तर कोठे तरी गळती आहे हे निश्चित. तेव्हा घरधन्याने प्रथम जाळी स्वच्छ असल्याची खात्री करावी, आणि नंतर कारागिराकडे क्रम धरून आग्रह करावा : नायट्रोजनच्या दाबाने गळतीचा शोध, तिची दुरुस्ती, पंपाने निर्वात, आणि अखेरीस पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच वायू काट्यावर मोजून. हा आग्रह केवळ खिशासाठी नव्हे. जुन्या यंत्रांतील आर-२२ ओझोनच्या थरास घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वये जगभर हद्दपार होत आहे, आणि नव्या यंत्रांतील आर-३२ सौम्य का होईना, ज्वलनशील आहे. त्यास नवशिक्याचा हात लागू देणे योग्य नव्हे.

सारांश, दिवाळीच्या साफसफाईत गीझर आणि होळीपूर्वी वातानुकूलक कारागिराकडून तपासून घेण्याचा प्रघात घरात पाडावा, आणि एका वहीत तारीख, बदललेली नळी, भरलेल्या वायूचे वजन व केलेली दुरुस्ती यांची नोंद ठेवावी. दोन वर्षांत दुसऱ्यांदा चार्जिंगची नोंद करण्याची वेळ आली, तर पहिल्या वेळी गळती बुजविलीच गेली नव्हती, असा संशय ती वहीच उत्पन्न करील. पुढील लेखांकी विजेच्या जोडणीचा, विशेषतः अर्थिंगचा, विचार करू. तोवर वाचकांनी आपल्या गीझरच्या ज्योतीचा रंग आणि न्हाणीघरातील झडपांची स्थिती तेवढी पाहून घ्यावी.