१३०चा मार्ग, २०चा बोर्ड!

‘गाडी मध्येच स्लो झाली हो!’ लेट मार्क वाचवायला दौंड-पुणे अप-डाऊनवाल्यांचं हे ठेवणीतलं कारण. शिरूर तालुक्यात तर रेल्वेच नाही. निमोण्याच्या पोराला ट्रेन पकडायची तर आधी बाइकवरून दौंड किंवा केडगाव गाठायचं. एवढा खटाटोप करून बसावं आणि गाडीनं रांगायला लागावं!

गंमत म्हणजे पुणे-दौंड या ७५ किलोमीटरच्या मार्गाची कमाल वेगमर्यादा ११० वरून ताशी १३० झालीय. हा आकडा कुणा साहेबाच्या लहरीवर ठरत नाही. रूळ, खडी, वळणं, पूल, सिग्नल असं सगळं तपासतात आणि ज्याची कुवत सर्वांत कमी, त्याचं ऐकतात. डबेही बघतात. जुने आयसीएफ डबे साधारण ११०चे, एलएचबी मात्र १३०ला आरामात धावतात. वेग वाढवायला रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते आणि हे आयुक्त येतात चक्क नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत! पेपर लिहिणारा आणि तपासणारा वेगळा, हे बरंच आहे.

मग गाडी रांगते का? कारण ‘कॉशन ऑर्डर’. रुळाखालची खडी काढून चाळली की तिथे तात्पुरती मर्यादा लागते, अगदी २०चीसुद्धा. गाड्या जाऊन खडी दबत गेली, की तपासून ती टप्प्याटप्प्यानं वाढवतात. एक किलोमीटर २०नं जायला तीन मिनिटं, १३०नं अर्धं मिनिटही नाही. वर ब्रेक लावण्यात आणि पुन्हा वेग घेण्यात जातो तो वेळ वेगळा. खिडकीतून ‘टी/पी’ लिहिलेली पिवळी गोल पाटी दिसली तर खूश व्हा. पॅसेंजर गाडीसाठी ती मर्यादा तिथे संपते.

चरफडण्याआधी कोकण रेल्वे आठवा. २२ जून २००३ला वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर गाडी आदळली, ५०हून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जूनला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला दगडांनीच घात केला. त्यानंतर पावसाळ्यातले वेग आणखी कमी केले गेले. आजही तिथे पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं आणि मुसळधार पावसात समोरचं नीट दिसेना झालं, की लोको पायलटनं ४०च्या वर जायचं नाही. २०२५मध्ये मात्र आढावा घेऊन या वेळापत्रकाचा काळ कमी केला: १० जून ते ३१ ऑक्टोबरऐवजी १५ जून ते २० ऑक्टोबर.