खरवसाला टाका

खरवसाची वडी खाण्याआधी एक उद्योग करून बघा. सुई-दोरा घ्या आणि तिला एक टाका घाला. दोरा आवळला की वडी चिरते! निरोगी स्वादुपिंड शिवायला बसलेल्या सर्जनची अडचण साधारण हीच असते.

जेमतेम वीतभर लांबीचा हा अवयव जठराच्या मागे, कण्याला आडवा पडलेला असतो. दिवसाला लिटर-दीड लिटर पाचकरस तयार करतो. टाक्यातून तो रस पाझरला तर आपल्याच पोटातलं मांस पचवायला लागतो. वॉर्डात याला सरळ ‘लीक’ म्हणतात आणि स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतर सगळे डॉक्टर धास्तावलेले असतात ते यालाच.

त्यातली उलटी गंमत अशी, की जुन्या सुजेनं राठ झालेल्या स्वादुपिंडात टाके छान धरतात. दगा देतं ते मऊसूत, निरोगी.  

गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याशी असेल तर ‘व्हिपल’ करतात. डोकं, त्याला बिलगलेलं आतडं, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा तुकडा काढायचा. मग उरलेलं स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर असे तीन सांधे आतड्याशी पुन्हा जोडायचे. यातली स्वादुपिंडाची नळी कित्येकदा दोन-तीन मिलिमीटरची, म्हणजे मोहरीच्या दाण्याहून थोडीच मोठी.

इथे रोबॉट कामाला येतो. ‘रोबॉट ऑपरेशन करतो’ हे मात्र अर्धवट ऐकलेलं. तो स्वतःहून एक टाकाही घालत नाही. सर्जन रुग्णापासून काही फुटांवर कन्सोलशी बसतो आणि त्याच्या बोटांची हालचाल आठ मिलिमीटर जाडीच्या अवजारांपर्यंत पोचते. दुर्बिणीच्या सरळसोट अवजारांना मनगट नसतं, यांना असतं. हाताची थरथर गाळली जाते, नळी दहापट मोठी आणि खोलीसकट दिसते. पण बहुतेक यंत्रांत स्पर्श कळत नाही. दोरा किती ताणलाय हे डोळ्यांनीच ओळखायचं. खरवस शिवायचा, तोही हात न लावता! मला सगळ्यात थक्क करते ती ही गोष्ट.

इटलीत पिएर जुलियानोत्ती यांनी २००१ साली रोबॉटनं व्हिपल केली. पुढे काय निष्पन्न झालं? चीनमधल्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोबॉटवाले रुग्ण ११ दिवसांत घरी गेले, पोट उघडून केलेले साडेतेरा दिवसांत. गुंतागुंत आणि मृत्यू मात्र दोन्हीकडे सारखेच. त्याच वर्षीच्या हायडेलबर्गच्या चाचणीतही एकूण गुंतागुंतीत रोबॉट सरस ठरला नाही. म्हणजे भोकं लहान, चीनच्या चाचणीत मुक्कामही कमी. लीकवर अजून विजय नाही.

मग फरक कशानं पडतो? पिट्सबर्गच्या सर्जननी आपल्या पहिल्या २०० रोबॉटिक व्हिपल तपासल्या. २० नंतर रक्तस्राव आणि मध्येच पोट उघडण्याची वेळ कमी झाली, ४० नंतर लीक घटले, ८० नंतर वेळ वाचू लागला. उलट बाजू नेदरलँड्समध्ये दिसली. तिथे दुर्बिणीतून केलेल्या व्हिपलची चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण दुर्बिणीच्या ५० रुग्णांत पाच दगावले, पोट उघडलेल्या ४९ मध्ये एक.

हातावर बसलेल्या सवयीचं मोल पुण्यानंही जगाला दाखवलंय. डॉ. शैलेश पुणतांबेकर यांनी दुर्बिणीतून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करण्याची पद्धत २००७ साली मांडली ती २४८ रुग्णांच्या अनुभवावर, आणि परदेशी सर्जनही तिला ‘पुणे टेक्निक’ म्हणून ओळखतात. अवयव वेगळा, पण आकडा बघा.

तेव्हा घरात कुणावर अशी वेळ आलीच, तर ‘तुमच्याकडे रोबॉट आहे का’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘डॉक्टर, तुम्ही स्वतः अशा किती केल्यात?’ उत्तर विसाच्या आत आलं, तर आणखी एका सर्जनचं मत घ्या.