क्षय सर्वांनाच का होत नाही?

१९३० साली जर्मनीतील ल्यूबेक शहरी अडीचशे तान्ह्या बाळांना क्षयाची लस पाजण्यात आली. प्रयोगशाळेतल्या चुकीने तिच्यात खरे, मारक जंतू मिसळले होते. ७२ बाळे दगावली. पण बरीचशी आजारी पडून सावरली, आणि काही तर आजारीच पडली नाहीत! जंतूंची मात्रा सर्वांना सारखी गेली नव्हती, हे खरे. तरी तेवढ्याने कोडे सुटत नाही.

फुफ्फुसात शिरलेला जंतू आपल्या काही पेशी गिळतात. गिळणे सोपे, मारणे अवघड. त्यासाठी दुसऱ्या पेशींकडून ‘इंटरफेरॉन-गॅमा’ या द्रव्याचा हुकूम यावा लागतो. हा हुकूम सुटण्याआधी निरोप्यांची एक साखळी लागते. तिच्यातली एक कडी ‘टीवायके-२’ या जनुकातून घडते. या जनुकाचा एक सदोष नमुना आई आणि वडील या दोघांकडूनही आला, तर निरोप अर्ध्यावर अडतो व क्षयाचा धोका पुष्कळच वाढतो. हे २०१८ साली उजेडात आले. युरोपीय वंशाच्या सुमारे सहाशे माणसांत एकाकडे अशी जोडी असते. दोष एकाच बाजूने आला, तर दुसरी चांगली प्रत वेळ निभावून नेते.

मग ‘त्यांच्या घराण्यात क्षय आहे’ म्हणून मुलगी नाकारणाऱ्यांचे बरोबर का? मुळीच नाही. जनुक फार तर दार उघडे ठेवतो. आत शिरतो तो जंतूच. एका घरात चौघे आजारी पडतात ते बहुधा एकाच कोंदट खोलीत खोकणाऱ्याशेजारी झोपल्यामुळे, आणि ते जंतू सहसा सहा महिन्यांच्या औषधाने मरतात.