विमानोड्डाणाचे उपकंत्राट व वैमानिक संघटना

मोठ्या विमान कंपनीने आपल्या नावाने तिकिटे विकलेली काही उड्डाणे, विशेषतः लहान शहरांकडे जाणारी, स्वतःच्या वैमानिकांकडून न करविता दुय्यम किंवा प्रादेशिक कंपनीकडे सोपविणे, यास विमानोड्डाणाचे उपकंत्राट म्हणता येईल. या पद्धतीमुळे मूळ कंपनीचे वैमानिक व तिचे व्यवस्थापन यांच्यात अनेक देशांत दीर्घकाळ कलह झाले आहेत. वरकरणी हे कलह वेतनाचे दिसतात. परंतु एखाद्या कंपनीच्या नावाने होणारे उड्डाण करण्याचा अधिकार कोणत्या वैमानिकांचा, हा त्यांतील मूळ प्रश्न असतो.

प्रकार : उपकंत्राटाचे मुख्यतः तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात मूळ कंपनी स्वतःच्या मालकीची उपकंपनी काढते व तेथे वेगळ्या सेवाशर्तींवर वैमानिक नेमते. दुसऱ्या प्रकारात स्वतंत्र प्रादेशिक कंपनीशी करार केला जातो. तिकिटावर नाव मोठ्या कंपनीचे असते, विमान व वैमानिक मात्र प्रादेशिक कंपनीचे असतात. तिसऱ्या प्रकारात विमान त्यावरील कर्मचाऱ्यांसह भाड्याने घेतले जाते. त्यास व्यवहारात ‘वेट लीज’ म्हणतात. रस्ता वाहतुकीत याचे परिचित उदाहरण म्हणजे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘शिवशाही’ सेवेतील भाडेतत्त्वावरील गाड्या. अशा गाडीवर नाव महामंडळाचे. गाडी व चालक मात्र खाजगी मालकाचे असत.

आर्थिक कारणे : विमान लहान असो वा मोठे, नियमित प्रवासी सेवेत सामान्यतः दोन वैमानिक लागतात. १९ आसनांच्या डॉर्निअर विमानात दर नऊ-दहा आसनांमागे एका वैमानिकाचे वेतन येते, तर १८० आसनांच्या विमानात दर नव्वद आसनांमागे. त्यामुळे मोठ्या विमानासाठी ठरलेले वेतनमान लहान विमानास लागू केल्यास कमी प्रवासी असलेला मार्ग तोट्यात जातो. लहान मार्ग चालू ठेवावयाचे, तर ते कमी खर्चाच्या कंपनीकडे देण्यावाचून गत्यंतर नाही, अशी व्यवस्थापनाची भूमिका असते व ती सर्वस्वी निराधार नसते.

वैमानिकांचे आक्षेप : वैमानिकाच्या व्यवसायात ज्येष्ठतासूचीला असाधारण महत्त्व आहे. विमानाचा प्रकार, मुख्य वैमानिकाचे पद, नेमणुकीचे ठिकाण, रजा व कपातीच्या वेळचा क्रम या गोष्टी पुष्कळ कंपन्यांत सूचीतील स्थानावरून ठरतात. कंपनी बदलल्यास अनुभवी वैमानिकालाही सामान्यतः नव्या सूचीच्या तळापासून आरंभ करावा लागतो. म्हणून मूळ कंपनीतील उड्डाणे उपकंपनीकडे गेली, की तेथील वैमानिकांची बढती खुंटते व ते सहजासहजी दुसरीकडे जाऊही शकत नाहीत. दुसरा आक्षेप असा, की एकाच नावाखाली दोन वेतनमाने निर्माण झाली म्हणजे स्वस्त वेतनमान महागाला खाली ओढते. तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे : प्रवासी ज्या नावावर विश्वास ठेवून तिकीट घेतो, त्या नावाचे प्रशिक्षण व अनुभव उड्डाण करणाऱ्यास असेलच असे नाही.

परदेशांतील इतिहास : अमेरिकेत १९७८ च्या अधिनियमाने विमान वाहतुकीवरील आर्थिक नियंत्रणे उठविण्यात आली. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी प्रादेशिक कंपन्यांशी करार करून लहान शहरे आपल्या जाळ्यास जोडून घेतली. यावर उपाय म्हणून वैमानिक संघटनांनी सामूहिक करारांत ‘स्कोप क्लॉज’ म्हणजे कार्यक्षेत्र-कलम घालून घेतले. किती आसनांची, किती वजनाची व किती विमाने बाहेरच्या कंपनीने चालवावीत, याची मर्यादा हे कलम घालते. तेथील तीन मोठ्या कंपन्यांच्या करारांत ही मर्यादा ७६ आसने व सु. ३९,००० किग्रॅ. उड्डाणभार अशी स्थिरावली आहे. विमान कारखान्यांनाही नव्या प्रादेशिक विमानांचे आराखडे करताना ती लक्षात घ्यावी लागते.

पन्नास आसनांची जेट विमाने १९९० नंतरच्या दशकात आल्यावर हा संघर्ष तीव्र झाला. ही विमाने कोणी चालवावीत, या प्रश्नावर अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी १५ फेब्रुवारी १९९७ रोजी संप पुकारला. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी रेल्वे कामगार अधिनियमाखालील अधिकार वापरून तो काही मिनिटांतच थांबविला. याच प्रश्नाची दुसरी बाजू २००१ मध्ये पुढे आली. डेल्टा कंपनीच्या मालकीच्या कॉमेअर या प्रादेशिक कंपनीतील वैमानिकांनी वेतनासाठी ८९ दिवस संप केला. मूळ कंपनीच्या वैमानिकांना ज्यांची धास्ती वाटे, ते प्रादेशिक वैमानिकही आपल्या स्थितीबद्दल असंतुष्ट होते, हे त्यातून दिसून आले. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफलोजवळ कोल्गन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान कोसळून पन्नास जण मृत्युमुखी पडले. त्या उड्डाणाची तिकिटे कॉन्टिनेंटल कंपनीच्या नावाने विकलेली होती. चौकशीत वैमानिकांचे प्रशिक्षण व थकवा यांची चर्चा झाली आणि पुढे सहवैमानिकासही सामान्यतः १,५०० तासांच्या उड्डाणानुभवाची अट घालण्यात आली.

ऑस्ट्रेलियात क्वांटास कंपनीच्या नावाने होणारी उड्डाणे क्वांटासच्या सेवाशर्तींवरील वैमानिकांनीच करावीत, ही मागणी २०११ च्या कलहातील एक मुद्दा होती. त्या वर्षी २९ ऑक्टोबर रोजी व्यवस्थापनाने आपली सर्व विमाने जमिनीवर ठेवली. फ्रान्समध्ये ट्रान्साव्हिया या स्वस्त दराच्या उपकंपनीच्या विस्ताराविरुद्ध एअर फ्रान्सच्या वैमानिकांनी सप्टेंबर २०१४ मध्ये १४ दिवस संप केला. त्यानंतर युरोपातील इतर देशांत या उपकंपनीचे तळ उभारण्याची योजना सोडून देण्यात आली.

भारत : १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्सकडे व परदेशी वाहतूक एअर इंडियाकडे आली. इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची इंडियन कमर्शिअल पायलट्स असोसिएशन आणि एअर इंडियाच्या वैमानिकांची मुंबईतील इंडियन पायलट्स गिल्ड या दोन प्रमुख संघटना होत. लहान शहरांसाठी जानेवारी १९८१ मध्ये दोन्ही महामंडळांनी मिळून ‘वायुदूत’ ही कंपनी स्थापन केली. ईशान्य भारतापासून आरंभ करून तिने अन्य राज्यांतही लहान विमानांची सेवा दिली. परंतु तोटा वाढत गेल्याने १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली.

उड्डाणे बाहेरच्या वैमानिकांकडे सोपविण्याचा ठळक प्रसंग १९९२–९३ च्या हिवाळ्यातील आहे. इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप चालू असताना परदेशी विमाने कर्मचाऱ्यांसह भाड्याने घेऊन सेवा चालू ठेवण्यात आली. त्यांपैकी उझबेकिस्तानकडून घेतलेले तुपोलेव्ह-१५४ जातीचे विमान हैदराबादहून येऊन ९ जानेवारी १९९३ रोजी दाट धुक्यात दिल्लीस उतरताना उलटले व जळाले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

पुढे १९९६ मध्ये इंडियन एअरलाइन्सने ‘अलायन्स एअर’ ही उपकंपनी काढली. एअर इंडियाच्या गटातील ‘एअर इंडिया एक्सप्रेस’ची सेवा २००५ मध्ये सुरू झाली. त्यामुळे एकाच शासकीय मालकाकडे वेगवेगळ्या सेवाशर्तींचे वैमानिक काम करू लागले. २००७ मध्ये दोन मूळ कंपन्यांचे विलीनीकरण झाल्यावर हे प्रश्न अधिक बिकट झाले. समान वेतनाच्या मागणीसाठी पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी एप्रिल-मे २०११ मध्ये दहा दिवस संप केला. त्याच्या पुढील वर्षी बोइंग-७८७ विमानांचे प्रशिक्षण कोणत्या गटास द्यावे, या वादातून गिल्डच्या सदस्यांनी मे ते जुलै या काळात ५८ दिवस काम थांबविले. विलीनीकरणातील सेवाविषयक प्रश्नांसाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली होती. हे दोन्ही संप उपकंत्राटाविरुद्ध नव्हते; परंतु नवे विमान व त्याबरोबर येणारी बढती कोणाच्या वाट्यास जावी, हा त्यांतील प्रश्न कार्यक्षेत्र-कलमामागील प्रश्नाहून वेगळा नाही. भारतातील करारांत असे कलम रुजले नाही. त्यामुळे तो प्रश्न येथे वेतनसाम्य, प्रशिक्षण व ज्येष्ठता यांच्या रूपाने पुढे आला. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया व एअर इंडिया एक्सप्रेस टाटा समूहाकडे गेल्या. अलायन्स एअर शासनाकडेच राहिली.

कायदेशीर बाजू : औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ अन्वये हवाई वाहतूक ही लोकोपयोगी सेवा मानलेली होती व संपापूर्वी सूचना देणे आवश्यक होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अंमलात आली असून तिच्यानुसार सर्वच औद्योगिक आस्थापनांत संपापूर्वी किमान १४ दिवसांची सूचना द्यावी लागते. वैमानिक हा ‘कामगार’ या संज्ञेत बसतो काय, हा प्रश्नही न्यायालयांपुढे आलेला आहे. उपकंपनी काढणे हा मात्र व्यवस्थापनाचा निर्णय समजला जातो. करारात अट नसेल, तर संघटनेच्या हाती वाटाघाटी किंवा संप एवढेच मार्ग उरतात.

लहान शहरे : या कलहाचा परिणाम ज्यांच्यावर होतो, त्यांत वाटाघाटीत स्थान नसलेली लहान शहरेही आहेत. मराठवाड्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. केंद्र शासनाच्या ‘उडान’ योजनेत निवडक मार्गांवर तूट भरून काढण्यासाठी अनुदान मिळते व ठराविक आसनांच्या भाड्यावर मर्यादा असते. या योजनेतील पहिल्या मार्गांपैकी हैदराबाद–नांदेड मार्ग २७ एप्रिल २०१७ रोजी ट्रूजेट या प्रादेशिक कंपनीने सुरू केला; परंतु ही कंपनी पुढे बंद पडली. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) येथील धावपट्टी २००९ मध्ये लातूर, नांदेड, यवतमाळ व बारामती येथील विमानतळांबरोबर खाजगी कंपनीस दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली. परंतु त्यायोगे जिल्ह्यास नियमित प्रवासी विमानसेवा लाभली नाही. शेजारच्या सोलापूरहून गोव्याकडे जून २०२५ मध्ये सेवा सुरू झाली, तीही एका लहान प्रादेशिक कंपनीचीच. अशा ठिकाणी मोठ्या कंपनीचे वेतनमान परवडत नाही, हे खरे. पण दुर्बल कंपनीवर सेवा सोपविल्यास ती कंपनी बुडताच सेवा बंद पडते व वैमानिक बेकार होतात, हेही तितकेच खरे.

या अनुभवांवरून काही उपाय सुचविले जातात : प्रादेशिक कंपनीतील वैमानिकास ठराविक सेवेनंतर मूळ कंपनीच्या सूचीत प्रवेश देणे, लहान विमानांसाठी वेगळे परंतु करारबद्ध वेतनमान ठरविणे, प्रशिक्षणाची पातळी दोन्हीकडे समान ठेवणे आणि उड्डाण प्रत्यक्षात कोणती कंपनी करणार हे प्रवाशास तिकीट घेतानाच कळविणे. यांपैकी पहिल्या उपायाचा अवलंब अमेरिकेतील काही कंपन्यांनी केला आहे. लहान मार्ग हा उमेदवारीचा टप्पा ठरला, तर ज्येष्ठ वैमानिकांस तो धोका वाटत नाही. तो कायमचा स्वस्त पर्याय ठरला, तर कलह टळत नाही.